बिननावाचं बोट

दर मंगळवारी सव्वासहाला तौनो यायचा.
बर्फाचे बूट दाराशी काढून
लोकरीच्या मोज्यांतच जिना उतरायचा.
खाली पूर्वी बँकेची तिजोरी होती,
आता दोन पियानो आहेत
आणि कुठल्याच पट्टीत न बसणारी शिट्टी घालणारा
एक रेडिएटर.
थंडीत लाकूड तडकू नये म्हणून
पियानोच्या पोटात मी पाण्याचा वाडगा ठेवते.

‘फी जमेल तशी’, असं आमच्या पाटीवर लिहिलंय.
तौनोला जमायचा मासा,
स्वतः धुरावलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
त्याच्यानंतरच्या तिघांच्या सरावालाही
त्याचा वास यायचा.

वय एकाहत्तर. पहिल्या दिवशी उजवा हात
त्यानं पट्ट्यांवर मांडला,
दुकानदार उरलेला माल मांडतो तसा.
हे एवढंच आहे.
मधलं बोट, मग मोकळी जागा, मग करंगळी.
लाकडाच्या गिरणीत, एकोणिसाव्या वर्षी.
करवतीबद्दल आणखी काय सांगायचं असतं!

म्हणाला, आमच्या फिनिशमध्ये याला नाव नाही.
नीमेतोन म्हणतात, म्हणजे बिननावाचं.
गेलं तेव्हा हाक तरी काय मारणार होतो?
आणि हसला. मला हसता आलं नाही.

तीस वर्षं मी याच बोटाला रागावत आलेय,
शेकडो हातांवरच्या.
आळशी. शेजाऱ्याला धरल्याशिवाय उठत नाही.
अंगठी घालायची म्हटलं की तेवढं पुढे.
अनामिका.

त्या रात्री छापील आकडे खोडले.
माझं चौथं बोट चिकटपट्टीनं तळहाताशी बांधलं
आणि बसले, बाहेर उणे सव्वीस असताना,
एका साध्या नाचाच्या चोवीस बारांपुढे.
एक दोन तीन पाच.
अंगठा लवकर आत घ्यायचा,
तिसऱ्यानं जरा जास्त लांब जायचं.
अकराव्या बारात मात्र काही केल्या जमेना.
तिथे हात उचलावाच लागतो,
आणि एक श्वास येतो,
जो लिहिणाऱ्यानं लिहिलेला नाही.

तौनोला तो श्वास वर्षभरानं सापडला.
ख्रिसमसच्या कार्यक्रमात वाजव म्हटलं,
तर त्यानं खुर्च्या मांडल्या, सगळ्या, एकट्यानं,
आणि मागे कोटांपाशी उभा राहिला.

सरोवरावरचा बर्फ फुटला त्या महिन्यात
तीन मंगळवार रिकामे गेले.
चौथ्याला त्याची मुलगी आली.
वही दिली,
आणि फ्रीजरमधला एक मासा.
तिला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही.

मग कोराली. नऊ वर्षांची,
मावशीच्या गाडीतून येणारी, दहाही बोटं शाबूत
आणि दहांवरही जांभळं नेलपॉलिश.
प्रती संपल्या होत्या म्हणून तिला तोच कागद दिला.
खरंच संपल्या होत्या का, ते मला आठवत नाही.

आकड्यांवर तिचा फार विश्वास.
सांगितलंय तसं वाजवत गेली,
अकराव्या बारात हात उचलला,
आणि तिजोरीत कुणीतरी श्वास घेतला.

चार नंबर कुठेच का नाही? तिनं विचारलं.
खोडरबर माझ्या हातातच होता.
छपाईची चूक म्हणता आलं असतं.
म्हटलं, ही एका माणसाच्या हाताची वाट आहे.
तिनं कागद उलटून मागे पाहिलं,
कदाचित पत्ता शोधत असावी.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा
तिचं चौथं बोट हवेत ताठ होतं,
वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखं.
दुखत नाही का गं?
दुखतं, म्हणाली, पण त्याला परवानगी नाहीये ना.

मी तिचं बोट धरून खाली आणलं,
पट्टीवर अलगद टेकवलं.
दाबायचं नाही, म्हटलं.
नुसतं तिथे असू दे.

रेडिएटर शिट्टी घालत होता.
वाडग्यातलं पाणी बदलायचं राहिलं होतं.
हं, अकराव्या बारपासून.